कूलरशेजारची कुंती

२१ एप्रिल, सोमवार

आजपासून रोजनिशी. रिटायर माणसाच्या आयुष्यात शिस्त पाहिजे. भाषा शुद्ध ठेवणार, आणि जे आहे तेच लिहिणार.

पहिला ठराव: खिडकीजवळचं झाड काढून टाकायचं.

कारण असं. आज कूलर बसवला. शेजारच्या आदेशने स्टँड धरला. चांगला माणूस, मी ज्या पेपर मिलमधून रिटायर झालो तिथेच तो आहे, फार बोलतो. नवीन पॅड लावले, पाणी भरलं, बटण दाबलं आणि खोलीभर फुलांचा वास. झाड कूलरच्या अगदी मागे उभं आहे. कूलर बाहेरची हवा ओढतो, हवेबरोबर वास ओढतो, आणि तो थेट माझ्या पलंगावर सोडतो. ही काही आपोआप झालेली गोष्ट नाही. रंभाने जागा मोजून झाड लावलं होतं. अर्ध्या बल्लारपुराला उन्हाळ्यात खसचा वास पुरतो, हिला पुरत नव्हता.

रंभा म्हणजे माझी पत्नी. दिवाळीनंतर वारली. ते झालं. त्याच्यासाठी ही वही नाही.

२२ एप्रिल

झाडाचं नर्सरीतलं नाव कामिनी. रंभा कुंती म्हणायची. चंद्रपूर रोडच्या डिव्हायडरवर हीच कामिनी आहे. दर महिन्याला कापतात, चौकोनी, ना फूल, ना वास. झाड असावं तर असं. आमचं पत्र्याच्या वर गेलं आहे.

काढण्याची टेक्निकल कारणं: मुळं भिंतीत जातात. वासाने साप येतो. पानांनी कूलरचे पॅड चोंदतात. आदेशने विचारलं, रात्री वास आला की भीती वाटते का भाऊ? मी त्याला वरची तिन्ही कारणं सांगितली.

२४ एप्रिल

कुऱ्हाडीला धार लावून आणली. सकाळी गेलो तर झाडावर कळ्याच कळ्या. कळ्या असताना झाड तोडू नये, असा काहीतरी नियम असणार. शिवाय मधमाश्या. पुढच्या आठवड्यात.

२७ एप्रिल, रविवार

स्वातीचा नागपूरहून फोन. मुलगी शिकली, नोकरीला लागली, पण आईवर गेली. म्हणे, बाबा, आईचं झाड काऊन तोडता? मी टेक्निकल बाजू समजावली. मग तिने विचारलं, झोप येते का. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप उत्तम आहे असं सांगितलं. खरंच उत्तम आहे. पडलो की थेट सकाळ. फक्त उठल्यावर कंबर दुखते. गादीचा प्रॉब्लेम.

२ मे, शुक्रवार

कळ्यांची फुलं झाली. आता फुलं असताना कुऱ्हाड चालवणं बरं दिसत नाही. बाया फुलं न्यायला येतात, चार तोंडी चर्चा होते.

नवीन प्लॅन. तोडायचं नाहीच. पाणी बंद करायचं. इथला मे महिना कुऱ्हाडीपेक्षा पक्का आहे. पंधरा दिवसांत झाड आपलं आपण वाळेल. नैसर्गिक मृत्यू. कोणी कोणाला काही म्हणू शकत नाही.

झाडाचा पूर्वइतिहास नोंदवून ठेवतो, म्हणजे नंतर भावनिक गोंधळ नको. लग्न झालं तेव्हा मी धानोऱ्याला मिलच्या बांबू डेपोवर मुन्शी होतो. तिथल्या जंगलात कुंती आपोआप वाढते, कोणी लावत नाही. डेपोवर मंगली नावाची बाई बांबूच्या मोळ्या बांधायची, रोज केसात कुंतीचा तुरा. तिने रंभाला हातभर रोप उपटून दिलं. ते डालड्याच्या डब्यात घालून रंभाने एसटीतून मांडीवर आणलं. त्याच डेपोवर मोळी घसरून माझ्या उजव्या पायाची करंगळी गेली. म्हणजे धानोऱ्याहून रंभाने झाड आणलं आणि मी चार बोटं. ती हे सगळ्यांना सांगून हसायची. मला त्यात विनोद दिसत नाही.

५ मे

माती तपासली. ओली. कूलरचं गळतं असणार. गळत्याखाली घमेलं ठेवलं, घमेल्याला पाईप, पाईप नालीत. आता एक थेंब मिळणार नाही.

९ मे

पारा पंचेचाळीसच्या वर. आदेशच्या अंगणातली जास्वंद करपली. समोरच्यांचं लिंबू गेलं. कोपऱ्यावरच्या बगीच्यातली लॉन पापडासारखी वाजते.

आमची कुंती हिरवीगार. मुळाशी चिखल.

घमेल्यात पाणी आहे, पाईप कोरडा नाही, नालीत पाणी जात आहे. म्हणजे गळत्याचं पाणी नाही. मग कुठलं? माझ्या चपलांनाही चिखल लागलेला. आदेश नक्की माझ्या चपला घालून फिरतो. मोठ्या मनाने बोललो नाही.

११ मे

बोललो. आदेश म्हणाला, भाऊ, तुमच्या उजव्या चपलेत माहा पाय घसरते, बोट नसल्यानं ती एकीकडून दबली हाये. मी काऊन घालू? मुद्दा बरोबर आहे. तरी शंका आहे.

१४ मे, बुधवार

ही नोंद केवळ आवाजाबद्दल.

रात्री झोपेत बादलीचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं. लोखंडी कडीचा, एकदा टेकवल्याचा आणि एकदा उचलल्याचा. टाकीचा पाईप दिवसभर तापतो आणि रात्री थंड होताना वाजतो. विषय संपला.

आवाज ओळखीचा वाटला त्याचं कारण एवढंच, की लग्नापासून उन्हाळ्यात रोज रात्री तो ऐकला आहे. रंभा झोपण्याआधी बादलीने कूलर भरायची. शेवटची बादली कुंतीला. मग आत येऊन ओले हात पदराला पुसत म्हणायची, भरलं पानी, झोपा आता. जणू तिने भरल्याशिवाय मी झोपणारच नव्हतो. मी बहुतेक वेळा झोपलेलाच असायचो. उत्तर द्यायची गरज वाटली नाही.

कूलर सध्या मी भरतो. संध्याकाळी, पाईपने. बादली मी वापरत नाही. बादली मोरीत उलटी ठेवलेली असते.

१५ मे

बादली सुलटी होती.

१८ मे, रविवार

सकाळी उशाशी वाटी. स्टीलची, छोटी, पाण्याने भरलेली, त्यात कुंतीची फुलं. रंभा अशीच ठेवायची. तिच्या बाजूला, खिडकीकडे. वाटी तिच्याच बाजूला होती.

शांत डोक्याने विचार केला. शक्यता एक: आदेशची बायको. पण दाराला आतून कडी होती, मीच उघडली. शक्यता दोन: मांजर. मांजर वाटीत पाणी भरत नाही. शक्यता तीन लिहायची नाही, कारण मी असल्या गोष्टी मानत नाही.

फुलं टाकून दिली. वाटी घासली. मग पुन्हा पाहिलं तर फुलं केरात चांगली दिसेनात, म्हणून रंभाच्या फोटोपुढे ठेवली. स्वच्छतेचा भाग.

२० मे

कूलर बंद करून, खिडकी लावून झोपण्याचा प्रयोग. कूलर नाही तर वास नाही, वास नाही तर डोक्यात काही नाही. साधं गणित.

२१ मे

सकाळी कूलर चालू होता. टाकी काठोकाठ. मी गारेगार झोपलेलो.

वायरिंग तपासून घ्यावी लागेल.

२५ मे, रविवार, नवतपा सुरू, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस

मन घट्ट केलं. नियम, कळ्या, बाया, काही नाही. पहाटेच कुऱ्हाड घेऊन झाडाशी गेलो. पाहतो तर इतकी फुलं, इतकी, की पानं दिसेनात. मी तीन आठवडे पाणी तोडलं त्याचं हे फळ. एवढ्यात आदेश रातपाळीवरून आला. मला कुऱ्हाडीसह पाहून गाडीवरून उतरलाच. म्हणाला, तोडा भाऊ, तोडूनच टाका, मी तं बोलणार नव्हतो.

काय बोलणार नव्हता ते काढून घ्यायला चहा लागला. म्हणे परवा मधेच सुट्टी मिळाली म्हणून रात्रीच परत आला. गल्लीत लाईट नव्हती. कुंतीजवळ कोणीतरी पांढरे कपडे घालून उभं होतं. हातात बादली. बोलून राह्यलं होतं झाडाशी, हळूहळू. त्याने गाडीची लाईट बंद केली आणि मागच्या गल्लीतून घरी गेला. तेव्हापासून अंधार असला की मागच्याच गल्लीतून जातो. बायकोला सांगितलं नाही. मग खाली पाहत म्हणाला, वहिनी होत्या का माहीत नाई, पन आवाज बाईसारखा नव्हता बाप्पा, म्हणून जास्तच भेव लागलं.

मी त्याला चांगलं झापलं. मिलमध्ये मशीन चालवणारा माणूस, मोबाईलवर जगाच्या बातम्या पाहतो, आणि भुतं पाहतो! तो गेला. कुऱ्हाड आत ठेवली. दाराला कडी लावली, उन्हामुळे.

मग नीलाबाईला फोन केला. रंभाची धाकटी बहीण, नागभीडला असते, धानाची शेती. म्हटलं, आंब्याचं लोणचं घालायचं आहे, मला प्रमाण जमत नाही, येऊन जा. ती म्हणाली, भाऊजी, तुमी कधीपासून लोनचं घालून राह्यले? मी म्हटलं, यंदापासून.

२८ मे, बुधवार

नीलाबाई गोंदियाच्या गाडीने आली. सोबत तांदूळ, तांदळाचं पीठ, आणि एकही कैरी नाही. फसली नाही म्हणजे.

आल्या आल्या झाडाला हात लावून आली. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, किती वाळले तुमी. मी म्हटलं, झाड वाळायचं होतं, पत्ता चुकला. विनोद बरा होता. ती हसली नाही.

रात्री ती बाहेरच्या खोलीत झोपली. मी गोळी घेतली. झोप उत्तम.

२९ मे

नीलाबाई सकाळीच उठून अंगणात बसलेली. डोळे लाल. प्रवासाचा शीण असेल. चहा घेताना म्हणाली, भाऊजी, आज रात्री पीठ टाकून पाहू.

याचा खुलासा. आमच्याकडे माणूस गेलं की जिथं जीव गेला तिथं रात्री पीठ पसरतात, दिवा ठेवतात, वर टोपलं झाकतात. सकाळी पिठावर जो ठसा दिसेल त्या जन्मात माणूस गेलं असं समजतात. चिमणीचा पाय, गाईचा खूर, काहीही. रंभाच्या वेळी नीलाबाईनेच टोपलं उचललं होतं. बारीक पानांसारख्या खुणा होत्या. सगळ्या बाया म्हणाल्या, रंभा झाडात गेली. मी म्हटलं, झुरळ फिरलं असेल. आता रंभाने आयुष्यभर चपलेने झुरळं मारली, तिला झुरळ म्हणणं मलाच बरं वाटलं नाही, पण विज्ञान ते विज्ञान.

तर मी म्हटलं, पीठ एकदाच टाकतात, मेलेल्या माणसासाठी. सहा महिन्यांनी कोण टाकतं?

ती म्हणाली, जे रोज येऊन राह्यलं ते मेलेलं हाये का जितं, ते तं पाहून घेऊ ना एकदा.

प्रयोग म्हणून कल्पना वाईट नव्हती. शिवाय कॅमेऱ्यापेक्षा पीठ बरं, वायरिंग लागत नाही. म्हणून परवानगी दिली. पलंगापासून मोरीपर्यंत, तिथून दारापर्यंत आणि दारापासून कुंतीपर्यंत तिने चाळणीने पीठ पसरलं. मुळाभोवतीसुद्धा. माझ्या चपला उचलून कपाटात ठेवल्या. अंगण लग्नघरासारखं पांढरं झालं. मी पलंगावर पाय घेऊन बसलो आहे आणि हे लिहितो आहे. ठराव: आज गोळी घ्यायची नाही, जागं राहायचं आणि जे काही येईल त्याला समोरासमोर विचारायचं, काय पाहिजे म्हणून.

भीती नाही. पण नीलाबाईला दार उघडं ठेवायला सांगितलं.

३० मे, शुक्रवार

गोळी न घेता झोप लागली. माझा दोष नाही, कूलर.

पिठावर पावलं होती. पलंगापासून मोरीपर्यंत. मोरीपासून दारापर्यंत, आणि त्यात बाजूला बादली टेकवल्याचं गोल. दारापासून कुंतीपर्यंत. मग परत पलंगापर्यंत.

डाव्या पावलाला पाच बोटं. उजव्याला चार.

मी पहिल्यांदा म्हणालो की पीठ बरोबर पसरलं गेलं नाही, पाचवं बोट उमटलं नसेल. नीलाबाईने मला पाय उचलायला लावला. तळव्याला पीठ. पायजम्याच्या काठाला चिखल.

मग ती बोलली. पहिल्याच रात्री तिने पाहिलं होतं. मी उठलो, डोळे उघडे, पण मले काही दिसत नव्हतं म्हणे. बादली भरली. कूलर भरला. शेवटची बादली कुंतीला घातली. काल रात्री फुलंही तोडली, वाटीत घातली. ती दारात उभी होती, तिच्या अंगावरून गेलो. काल सकाळीच बोलली असती तर मी तिलाच खोटं पाडलं असतं, म्हणून पीठ टाकलं म्हणे.

मी विचारलं, बोलत होतो का काही? आदेश म्हणत होता.

नीलाबाई तोंडाला पदर लावून बसली. मग म्हणाली, दोन्ही रात्री एकच. झाडाच्या खोडावर हात ठेवून, अगदी हळू. भरलं पानी. झोप आता.

मले रडू आलं. सहा महिन्यांत नाही आलं ते आलं. जे आहे तेच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून लिहून राह्यलो. किती वर्षं ती रोज म्हणाली, आणि मी एकदासुद्धा हाओ म्हटलं नाई.

दुपारी पीठ झाडायला गेलो. कुंतीच्या मुळाशी, माझ्या पावलांशेजारी, बारीक पानांचे ठसे होते. झाड म्हटलं की पान पडणारच. मी तसं बोललोही. नीलाबाई म्हणाली, हाओ भाऊजी, पडणारच. अन् मग म्हणाली, तेव्हा पानं दिसली, आता तुमचा पाय दिसला. रंभानं दोन जागा धरल्या, अजून काय?

तेवढा तुकडा झाडला नाही.

१ जून, रविवार

नीलाबाई गेली. स्टेशनवर आदेशने सोडलं. त्याला सगळं सांगितलं, म्हणजे असं सांगितलं की रात्री मीच पाहणीसाठी बाहेर जातो. पांढरे कपडे म्हणजे माझा पायजमा आणि बनियन. तो म्हणाला, मग ठीक आहे भाऊ. गेला मात्र मागच्याच गल्लीतून.

नवे ठराव. एक, गोळ्या बंद. दोन, भाषा पुन्हा शुद्ध. तीन, पाणी दिवसा घालायचं, उघड्या डोळ्यांनी, सगळ्या गल्लीदेखत. म्हणजे रात्री कोणाला उठायचं कारणच राहणार नाही. कुंतीला सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. दोन्ही वेळा घालून झाल्यावर म्हणालोही जे म्हणायचं ते. समोरची बाई पाहत होती. पाहू दे.

२ जून

चपला ओल्या. उशाशी वाटी.

४ जून

दिवसाच्या चार बादल्या चालूच. रात्रीचीही चालू आहे. कडीला कुलूप लावून किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली होती. सकाळी हाताला तांदूळ चिकटलेले.

झाड तोडण्याचा ठराव रद्द केलेला नाही, पुढे ढकलला आहे. सध्या कळ्या आहेत.

काल रात्री एकदा जाग आल्यासारखं वाटलं. बादली वाजली, मग ओल्या हातांचा वास, कुंतीचा वास, आणि कोणीतरी म्हणालं ते. मी असेन. दुसरं कोण असणार? पण या वेळी झोपेतच मी हाओ म्हणालो, एवढं नक्की आठवते.

कुलूप काढलं आहे. बादली भरून दाराशी ठेवली, अंधारात शोधाशोध नको.